आयबोल्ट? कडी दिसली की अडकवा!

आयबोल्टमध्ये शिकण्यासारखं काय आहे? डोक्याच्या जागी कडी असलेला बोल्ट. भोकात फिरवायचा, हुक अडकवायचा, उचलायचं. तरी काही किरकिऱ्या लोकांना त्यातही कॉलरवाला (कडीखाली रुंद बैठक असलेला) आणि बिनकॉलरचा असा भेदभाव सुचतो. बिनकॉलरच्याने सरळ वरच उचलायचं, तिरकं ओढलं तर तो मानेत वाकतो, म्हणे. तुम्ही खुशाल तिरकं ओढा. वाकलाच तर हातोडी आहे.

आटे जुळत नाहीत? अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या बोल्टला इंचात 12 आटे, यूएनसी या अमेरिकन पद्धतीच्याला 13. एका आट्यासाठी दुसरा बोल्ट शोधत बसणार का? पहिले दोन-तीन फेरे हाताने जातात, पुढचे पान्याला पाईप लावून घ्या. असा गच्च बसतो की बघणाऱ्याला भरवसा वाटावा. आत आटे सोलले गेलेत, हे बाहेरून कुणाला दिसतंय!

बोल्ट पुरता बसला, पण कडी उचलायच्या पट्ट्याच्या ओढीला आडवी राहिली, असं हमखास होतं. कॉलरखाली पातळ वॉशर घालून ती वळवून घ्या, असं पुस्तकात असतं. त्यापेक्षा बोल्ट पाव फेरा उलटा फिरवा. कॉलरखाली फट राहते, राहू द्या. कॉलर टेकलेली नसली की तिरकी ओढ थेट आट्यांवर जाते, एवढंच.

कोनाची भानगड मात्र मुळीच नको. डीआयएन 580 या जर्मन मानकानुसार एम 12 चा, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीच्या आट्यांचा आयबोल्ट सरळ उचलीत 340 किलो पेलतो आणि 45 अंशांच्या तिरक्या ओढीत 240. यातला मोठा आकडा लक्षात ठेवा, छोटा निराशावाद्यांसाठी आहे. दोन पट्टे लावले की 1 टन वजन अर्धं-अर्धं वाटलं जातं, हे शाळेतलं गणित आपल्याला पुरे. पट्टे पसरून आडव्याशी 30 अंशांवर आले की प्रत्येकावर अख्खा 1 टन येतो, हे खरं. पण छत बुटकं, हुक आणखी वर जात नाही. त्रिकोणमितीसाठी छत वाढवायचं का?

मोटरच्या डोक्यावरचा आयबोल्ट फक्त मोटरपुरता असतो. म्हणून काय त्याला जोडलेला पंप सोडवायचा, दोघांना जोडणारं कपलिंग सोडवायचं? मोटर, पंप, खालची फ्रेम, सगळं एकदमच उचला. हेलकावे आवरायला खाली कुणीतरी लागतंच. ते काम नव्या पोराकडे द्या. अनुभवी माणसाने दहा पावलं लांब उभं राहून 'घे, घे, अजून घे' म्हणायचं असतं.