टांझानियाने शाळांतून इंग्रजी हद्दपार केलेली नाही

‘टांझानियाने 2015 मध्ये इंग्रजीला शाळेबाहेर काढले, आता तिथली मुले बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत मातृभाषेत आणि पूर्णपणे मोफत शिकतात,’ असा संदेश मराठी शाळांच्या हितचिंतकांमध्ये पुन्हा फिरू लागला आहे. माझ्या थोरल्या बहिणीने तो आपल्या मराठी शाळेच्या प्रवेशपत्रकावर छापायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मराठी माध्यमाची बाजू मलाही तितकीच प्रिय आहे आणि म्हणूनच ती खोट्या आधारावर मांडली जाऊ नये, असे मला वाटते.

मुख्य दावाच चुकीचा आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेटे यांनी ज्याचे उद्घाटन केले, ते 2014 चे शिक्षण धोरण या संदेशाच्या मुळाशी आहे. टांझानियाची राष्ट्रभाषा स्वाहिली सर्व स्तरांवर अध्यापनाची भाषा असेल, असे त्यात खरोखरच म्हटले आहे. परंतु त्याच धोरणाच्या लगतच्या कलमात, सर्व स्तरांवर अध्यापनासाठी इंग्रजीचा वापर बळकट करण्याचे काम सरकार चालूच ठेवील, असेही लिहिले आहे. बातम्यांनी पहिले कलम उचलले, दुसरे सोडले आणि प्रत्यक्षात माध्यमिक शाळांचे माध्यम बदललेच नाही. धोरणाच्या 2023 च्या आवृत्तीतही माध्यमिक स्तरावर इंग्रजीच कायम आहे.

ही टाळाटाळ जुनी आहे. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे यांच्या काळात, 1967 नंतर, प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आले, हे संदेशातले अर्धसत्य मान्य करावेच लागेल आणि ते काम लहान नव्हते. पण 1982 मध्ये मक्वेटा आयोगाने माध्यमिक शिक्षणही स्वाहिलीत नेण्याची शिफारस केली, तेव्हा सरकारने ती बाजूला ठेवली. याची किंमत मुले मोजतात. सात वर्षे स्वाहिलीत गणित आणि विज्ञान शिकलेले मूल ‘फॉर्म वन’मध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात, पाऊल ठेवते, तेव्हा जीवशास्त्र, भूगोल, इतिहास हे सारे विषय एकाएकी इंग्रजीत सुरू होतात. शिक्षक फळ्यावर इंग्रजी मजकूर लिहितात, समजावतात मात्र स्वाहिलीत, आणि परीक्षेत उत्तर पुन्हा इंग्रजीतच लिहावे लागते. त्यामुळे विषय समजलेले मूलही तो मांडू न शकल्याने नापास होते. तिथले अनेक शिक्षणतज्ज्ञ गेली चाळीसएक वर्षे याच मुलांसाठी भांडत आहेत आणि आपला संदेश त्यांचा प्रश्न सुटल्याचे परस्पर जाहीर करून टाकतो. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

‘मातृभाषेत’ हा दावाही टिकत नाही. टांझानियात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. सुकुमा, हाया, चागा किंवा मासाई घरांतल्या, विशेषतः खेड्यांतल्या, अनेक मुलांसाठी स्वाहिली ही घराबाहेर शिकलेली भाषा असते. त्यांच्या घरच्या भाषांना शाळेत अध्यापनाचे माध्यम म्हणून स्थान नाही. स्वाहिलीने देश जोडला हे निर्विवाद आहे, पण म्हणून ती प्रत्येकाची मातृभाषा ठरत नाही.

मोफत शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर सरकारी प्राथमिक शाळांचे शुल्क या शतकाच्या सुरुवातीला रद्द झाले आणि ‘फॉर्म फोर’पर्यंतचे, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंतचे, 2016 पासून. गणवेश, वह्या, जेवण आणि दूरच्या शाळेजवळ राहण्याचा खर्च मात्र बऱ्याच घरांना स्वतःच उचलावा लागतो. विद्यापीठात तर शुल्क आहेच. ते भरता यावे म्हणून 2004 च्या कायद्याने उच्च शिक्षणासाठी कर्जमंडळ स्थापन झाले आणि त्या मंडळाकडून घेतलेले पैसे विद्यार्थ्याला पुढे कमावू लागल्यावर परत करावे लागतात.