मटण सोडलं, पण ताटात काय आलं?

श्रावण जवळ आला की घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: माणसाची आतडी लांब असतात, म्हणजे तो मुळात शाकाहारी प्राणी आहे. मसूर डाळीत मटणापेक्षा जास्त प्रथिनं असतात. बी१२ ताक, इडली आणि मोड आलेल्या कडधान्यांतून मिळतं. मांसाहार सोडा, वजन, साखर, बीपी आपोआप ताळ्यावर येईल, गोळ्या लागणारच नाहीत.

मी समजून-उमजून शाकाहारी झाले आणि आणखी लोकांनी व्हावं असं मला मनापासून वाटतं. या मेसेजचा राग येतो तो त्यामुळेच. त्याच्या भरवशावर मटण-मासे सोडलेला माणूस काही वर्षांनी थकून जातो आणि खापर शाकाहारावर फोडतो.

'मुळात शाकाहारी' या दाव्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. गाईसारखं चार कप्प्यांचं पोट आपल्याला नाही, वाघासारखे सुळेही नाहीत. आपण दोन्ही पचवतो. प्राणी मारू नये असं वाटत असेल तर ते कारण पुरेसं आहे, त्याला आतड्यांच्या लांबीचा टेकू लागत नाही.

मसूर डाळीचा आकडा खरा आहे, पण तो कोरड्या डाळीचा. १०० ग्रॅम डाळीत २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात, कच्च्या मटणात साधारण २०. पण कोरडी डाळ कोण खातं? वाटीभर वरणात डाळ पडते २५-३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सहा-सात ग्रॅम; पाहुणे आले म्हणून वरण वाढवलं तर त्याहूनही कमी. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात. हे शाकाहारात जमतं, अगदी आरामात जमतं. दोन्ही वेळेला पोळी किंवा भाकरी, एका वेळेला घट्ट वरण, दुसऱ्या वेळेला मटकीची किंवा हरभऱ्याची भरपूर उसळ, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे. उसळ मात्र तोंडीलावण्यापुरती घेऊन भागत नाही.

बी१२बद्दलचं वाक्य सरळसरळ चुकीचं आहे, आणि त्याने खरं नुकसान होतं. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. मोड आणून ते येत नाही. इडलीचं पीठ आंबल्यावर त्यात भरवसा ठेवण्याइतकं ते नसतं. स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीत किंवा गोळीत जे असतं ते आपल्या शरीराला वापरता येत नाही. शाकाहाऱ्याच्या घरात ते येतं दूध-दह्यातून. आता हिशेब करा: प्रौढ माणसाची रोजची गरज सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि १०० मिली दुधात असतं जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. चहात पडणाऱ्या दोन-चार चमचे दुधाने काय होणार? ताकात तर निम्म्याहून जास्त पाणीच.

पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्हींकडच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. ६७ टक्क्यांमध्ये बी१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गीयांमध्ये ८१ टक्क्यांत. शाकाहारींना हा धोका चौपटीहून जास्त होता. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता जाणवायला काही वर्षं लागू शकतात, म्हणून 'मला तर काहीच झालं नाही' या अनुभवाला अर्थ नाही. पुढे पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आठवण दगा देते, आणि लोक वय झालं म्हणून तेल चोळत बसतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी१२चं शोषण आणखी घटतं. शाकाहारी व्हायचं ठरवलंत तर रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. घरात कोणी गरोदर असेल किंवा दूधही सोडणार असेल तर यात टाळाटाळ नकोच.

राहिलं 'आपोआप'. श्रावणातलं एखाद्या सोमवारचं ताट बघा: तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड, वर गोड लस्सी. मांसाचा कण नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. एरवीही चहाबरोबर खारी, संध्याकाळी फरसाण, रात्री भात-बटाटा, हे सगळं शाकाहारीच आहे. सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस सोडल्याने फायदा होतो हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली ते कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत टाकलं. पण त्याच्या जागी वडापाव आला तर साखर आणि बीपी का उतरेल? डाळी-उसळी, पालेभाज्या, ज्वारी-नाचणी वाढली आणि तेल, मीठ, मैदा, साखर कमी झाली तर उतरण्याची शक्यता नक्की आहे. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका.

आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. ताट बदललं की घरी साखर आणि बीपी मोजून लिहून ठेवा, ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा की नाही, ते त्यांना त्यावरून ठरवू द्या.