पाप करा, पण कागद सांभाळून

पाप करायचंच असेल तर गाव आणि साल नीट निवडावं. माझी शिफारस उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराची, सन 250. रोमन सम्राट डेसियसचं फर्मान निघालंय: सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा, प्रसादाचं मांस खायचं आणि तसा दाखला घ्यायचा. तुम्ही ख्रिस्ती असाल तर ही मूर्तिपूजा, म्हणजे खून आणि व्यभिचाराच्या पंगतीतलं महापाप.

चौकात मात्र भल्या सकाळी जा. तिथे इतकी झुंबड उडते की दिवस मावळल्यावर अधिकारी लोकांना ‘उद्या या’ म्हणतात, आणि लोक ‘आजच उरकून टाका’ म्हणून हातापाया पडतात. हे कार्थेजच्या बिशप सिप्रियननेच लिहून ठेवलंय. खिसा गरम असेल तर रांगही नको. योग्य माणसाचे हात ओले केले की बळी न देताच दाखला मिळतो. नमुना हवा असेल तर इजिप्तमध्ये सापडलेला 26 जून 250 चा पपायरस पाहा. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वय 72, उजव्या भुवईवर व्रण. आजवर देवांना नेहमीच बळी देत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर दिला, तरी तसा शेरा द्यावा. ख्रिस्ती असो वा नसो, मजकूर साधारण हाच. भुवईवरच्या व्रणाची नोंद होते, मनातल्या गोष्टींना रकाना नाही. तेव्हा निश्चिंत राहा.

खरी कसोटी पुढे, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये परत शिरताना. सरळ मार्ग म्हणजे गोणपाट नेसायचं, राख फासायची, धर्मगुरूंच्या पायांवर लोळण घ्यायची आणि कालपर्यंत शेजारी बसणाऱ्यांपुढे गुडघे टेकून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून रडायचं, तेही चारचौघांत. हा मार्ग ज्यांची कुठे ओळख नाही त्यांच्यासाठी. तुम्ही तुरुंगात जा. तिथे छळ सोसूनही विश्वास न सोडलेले लोक आहेत आणि त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या: ‘अमक्याला त्याच्या माणसांसह प्रभुभोजनाला घ्यावं.’ ‘त्याच्या माणसांसह’ यात वीस-तीस जण सहज बसतात, अशी सिप्रियनची तक्रारच आहे. पॉलस नावाचा रक्तसाक्षी (विश्वासापायी जीव दिलेला) तर मरून गेला, तरी तुरुंगातला लुसियानस त्याच्या नावाने चिठ्ठ्या देतोच आहे; जाताना तसं सांगून गेला होता म्हणे.

पळून जाण्याचाही पर्याय आहे, पण त्यासाठी आधी बिशप झालेलं बरं. सिप्रियन स्वतः लपून बसला आणि तिथून पत्रांवर पत्रं लिहून मंडळी चालवली. रोमच्या धर्मगुरूंनी नाकं मुरडलीच. (त्याचं पुढचं अनुकरण करू नका. 258 साली त्याने कार्थेजमध्येच तलवारीखाली मान दिली.)

251 मध्ये बिशपांची सभा भरली आणि दर ठरले. दाखला विकत घेतलेल्यांना चौकशी करून आत घ्यायचं, खरोखर बळी दिलेल्यांना मरणाच्या दारात. पण अंथरूण धरल्यावर रडायला लागलात तर कुणी विचारणार नाही. आधीपासून रडत असल्याचं लोकांनी पाहिलेलं हवं. तेव्हा प्रकृती ठणठणीत आहे तोवरच सुरुवात करा.

आणि रोममधल्या नोवेशियनच्या गटाकडे फिरकूही नका. तिथे बळी दिलेल्यांना मरतानाही क्षमा नाही. शिवाय तुमच्या ओळखीचं कुणी तिथे भेटायचंही नाही.