आउट कोण झालं, ते आलेखावरून कळतं

मागे एका मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. तो सामने थेट दाखवणाऱ्या एका स्ट्रीमिंग कंपनीत आहे. म्हटलं, "काय रे, कशी झाली मॅच?" तो म्हणाला, "मावशी, मी वॉर रूममध्ये होतो. बघितलीच नाही." आणि मग, "पण कळत होतं. रेघ एकदम खाली आली की समजायचं, कुणीतरी मोठं आउट झालं."

वॉर रूम म्हणजे सामना चालू असताना सर्व्हरवर नजर ठेवत बसायची खोली, आणि रेघ म्हणजे त्या क्षणी किती लोक बघताहेत त्याचा आलेख. मी हसले, पण तो गंमत करत नव्हता. १० जुलै २०१९ला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी अडीच कोटींहून जास्त लोक बघत होते. धोनी धावबाद झाला आणि लोक भराभर निघून गेले. गर्दी गेली म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, असं आपल्याला वाटतं. घडतं उलटंच. निघणारा माणूस 'मागे' दाबून आधी मुख्य पानावर येतो. ते पान प्रत्येकासाठी वेगळं मांडायचं असतं, त्यामुळे व्हिडिओवरचा भार ओसरतो आणि तिकडचा एका क्षणात उसळतो. तेवढ्या वेळात नवी यंत्रं जोडून होत नाहीत, ती आधीच उभी करून ठेवावी लागतात. अगदीच अंगाशी आलं तर 'तुमच्यासाठी खास' वगैरे शिफारशी सरळ बंद करतात आणि सामना तेवढा चालू ठेवतात. २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला तिथेच एका वेळी ५.९ कोटी लोक होते. त्या संध्याकाळी देशात सामना न बघणारे जे थोडे लोक असतील, त्यांत तो सामना दाखवणारे नक्की होते.

जत्रेतल्या फडाला जत्रा बघायला मिळत नाही, तसंच हे. लोकांची सुट्टी हा आमचा हंगाम. 'आमचा' म्हणते, कारण मीही याच धंद्यात आहे, स्टॉकहोममध्ये, एका ऑडिओ कंपनीत. इथे क्रिकेट नाही, पण गुरुवार आहे. जुलै २०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. शुक्रवार आधी न्यूझीलंडमध्ये लागतो, तेव्हा आमच्याकडे गुरुवारची दुपार असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो लागेपर्यंत आमची शुक्रवारची सकाळ होते. मधली सगळी रात्र कुणीतरी उशाशी फोन घेऊन झोपतं. झोपतं म्हणजे, डोळे मिटून पडतं.

भारतातल्या कामाच्या तासांच्या वादाकडे मी हे सगळं मनात धरून बघते. ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, हे वक्तव्य बाहेर आलं. मग दोन्ही बाजूंनी तुटून पडणं, विनोद, आणि "परदेशात बघा, पाच वाजता लोक घरी जातात" हा ठरलेला दाखला. तो दाखला ज्यांचा देतात त्यांतली मी एक. दाखला खोटा नाही, अर्धा आहे.

मी पाच वाजता घरी जाते. पण दर पाच आठवड्यांतून एक आठवडा रात्रीचा फोन उचलायची पाळी माझी असते. पहिल्याच हिवाळ्यात पहाटे दोन चाळीसला फोन वाजला. एक नवा अल्बम काही देशांत दिसतच नव्हता. चूक सापडेपर्यंत पावणेपाच. नऊ वाजता मीटिंग होती, तीही केली. स्वीडनचा कामाच्या वेळेचा कायदा दिवसाला सलग अकरा तास विश्रांती द्या म्हणतो. मी तो व्यवस्थापकापुढे ठेवला. तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, "पण तू तर घरीच होतीस." घरीच! आपल्याकडचा साहेब हेच जरा चढ्या आवाजात म्हणाला असता.

मग मी कायदा नीट वाचला. कामाच्या जागी थांबून वाट बघायची, तर तिला इथे 'शूर' (jour) म्हणतात आणि तिला महिन्याला ५० तासांची मर्यादा आहे. घरी फोनजवळ थांबायचं, ते 'बेरेडस्काप'. प्रत्यक्ष काम लागेपर्यंत ते कामाच्या वेळेत धरलंच जात नाही. त्याचे पैसे किती, दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तर चालेल का, हे बहुतेक ठिकाणी युनियन आणि मालक यांच्या सामूहिक करारात ठरतं. इथे दहातले जवळजवळ सात नोकरदार युनियनमध्ये आहेत, त्यात इंजिनिअरसुद्धा. आणि तरी गाणी ऐकवणाऱ्या इथल्याच स्पॉटिफायने २०२३मध्ये अशा कराराची बोलणी थांबवली. आमच्या कंपनीतही करार नव्हता. ज्या स्वीडनचा दाखला दिला जातो तो या कागदात आहे, आणि करमणुकीच्या कंपन्यांना नेमका तोच नकोसा असतो. आम्ही वेगळे, आमच्याकडे मोकळं वातावरण, कागद कशाला?

या धंद्यातला हा 'आम्ही वेगळे' फार महाग पडतो. "तुम्हाला काय, गाणी ऐकायचे पगार मिळतात," असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मी सोडून देते. पण कंपनीही अप्रेझलच्या वेळी तेच म्हणते, फक्त भाषा वेगळी. आवडीचं काम हा पगाराचाच एक भाग, असा न लिहिलेला हिशोब असतो. भाच्याची कंपनी "आपण एक कुटुंब" म्हणते. नेटफ्लिक्सने २००९मध्ये आपली कार्यसंस्कृती जगापुढे मांडली तेव्हा निदान स्वच्छ सांगितलं होतं की आम्ही कुटुंब नाही, खेळाडूंचा संघ आहोत. नुसतं ठीकठाक काम करणाऱ्याला भरघोस रक्कम देऊन निरोप देऊ. मला ते रुक्ष वाटलं होतं. आता वाटतं, कुटुंब म्हणवून पहाटे उठवणाऱ्यांपेक्षा हे परवडलं. (टेबल टेनिसच्या टेबलाबद्दल मी बोलणार नाही. ते दोन्ही देशांत सारखंच धूळ खातं.)

आणि इथलं भय निराळं आहे. डिसेंबर २०२३मध्ये स्पॉटिफायने सुमारे १७ टक्के माणसं कमी केली, दीड हजाराच्या आसपास. कपातीत शेवटी आलेला आधी जातो, हा इथल्या कायद्याचा मूळ नियम आहे. शेवटी आलेले बरेचदा आम्हीच, बाहेरचे. कामाच्या परवान्यावर असाल तर नोकरी गेल्यावर साधारण तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर परवाना जातो. त्यामुळे दोन चाळीसच्या फोनला नाही म्हणायचं बळ माझ्या स्वीडिश सहकाऱ्याकडे जितकं, तितकं माझ्याकडे नाही. कायदा एकच, दोघांच्या झोपा वेगळ्या.

म्हणून तिकडे सुप्रिया सुळे यांचं कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक पुन्हा लोकसभेत आलं, तेव्हा भाच्याने दुवा पाठवला तरी मी फार हुरळले नाही. खासगी विधेयक आहे ते, आणि १९७०नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. शिवाय सामन्याच्या रात्री फोन कुणीतरी उचलायलाच हवा. हॉस्पिटल रात्री चालतं, तसं हेही चालणार. प्रश्न तासांचा कमी आणि त्या रात्रीच्या बदल्याचा जास्त आहे. कुणाची पाळी, किती दिवसांनी, किती पैसे, सकाळी किती वाजता यायचं. भाच्याला 'कॉम्प ऑफ', म्हणजे जादा कामाच्या बदल्यात सुट्टी मिळते, म्हणजे शीटवर जमा होते. त्याच्या अशा अकरा साठल्या आहेत.

आमच्याकडे गेल्या वर्षी एकदाचं दीड पानी परिपत्रक निघालं. रात्री एक ते पाचमध्ये काम लागलं तर दुसरा दिवस दुपारी सुरू होईल, पाळीच्या आठवड्याचे वेगळे पैसे, आणि सलग दोन पाळ्या नाहीत. मी ते मराठीत लिहून भाच्याला पाठवलं.

त्याचा उलट प्रश्न आला: "हे त्यांनी आपणहून दिलं की तुम्ही मागितलंत?"

"मागितलं. दोन वर्षं लागली. अकरा जणांनी सह्या केल्या, त्यात परवान्यावरचे आम्ही दोघंच."

बराच वेळ दोन निळ्या खुणा तशाच होत्या. मग लिहिलं त्याने, "मावशी, नंतर बोलतो. टॉस झाला."

तिकडे मॅच लागली असणार. मी स्कोअर बघितला नाही. गुरुवार होता.