भातुकली आत जाते तेव्हा

'काय ते कोरियन पोरांचं वेड!' नववी-दहावीतल्या मुलींच्या घरांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की आता लिहायलाच हवं.

माझ्या भाचीच्या कपाटावर बीटीएस या कोरियन बँडच्या सातही जणांचं पोस्टर आहे. त्यातला सुगा तिचा 'बायस', म्हणजे सगळ्यात लाडका. सप्टेंबर २०२३ ते जून २०२५ तो सक्तीच्या राष्ट्रीय सेवेत होता, तेव्हा हिने त्याला वहीभर पत्रं लिहिली. पाठवली एकही नाही. तो आपल्याला ओळखत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. हीच मुलगी बालवाडीत असताना भातुकलीतला रिकामा कप पुढे करून 'गरम आहे हं मावशी, फुंकून पी' म्हणायची. कपात चहा नाही हे तेव्हाही तिला माहीत होतंच. आम्ही सगळे कौतुकाने फुंकर मारायचो. आता त्याच घरात टोमणे.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने हे फार पूर्वी ओळखलं होतं. काठीचा घोडा करणारं मूल मोठं झालं की काठी सुटते, खेळ मात्र मनात चालू राहतो. किशोरवयातली कल्पना म्हणजे कृतीशिवायचा खेळ, असं तो म्हणतो. मला हे शंभर टक्के पटतं. त्या वहीत माझी भाची कुणापुढे तरी मन मोकळं करायचा सराव करते आहे, आणि समोरचा हसेल ही भीती तिथे नाही. चौदाव्या वर्षी अशी जागा किती जणींना मिळते?

आणि हा न्याय मुलींनाच का? विराटचं पोस्टर लावून त्याच्यासारखी बॅट धरणाऱ्या मुलाला कुणी वेडा म्हणत नाही. अमेरिकेत २०१७ साली ११ ते १७ वयाच्या मुलामुलींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आवडती प्रसिद्ध व्यक्ती म्हणून मुलगे मुलींपेक्षा जास्त प्रमाणात खेळाडू निवडत होते आणि आवडत्या व्यक्तीला गुरूच्या जागी पाहत होते, मुली अभिनेत्रींना मैत्रिणीच्या. मैत्रीण हवी असणं हे गुरू हवा असण्यापेक्षा हलकं कसं?

काळजी मला वेगळीच वाटते. भातुकलीत बाहुली काय बोलणार, हे खेळणारी ठरवते. कोरियन कलाकारांसाठी २०२० पासून 'बबल' नावाचं ॲप आहे. कलाकार एकच मेसेज सगळ्यांना पाठवतो, पण त्यात प्रत्येक चाहतीचं तिने दिलेलं नाव घालायची सोय आहे, म्हणून तो खास तिलाच आल्यासारखा वाटतो. त्यासाठी दर महिन्याला पैसे भरायचे. इथे खेळाची सूत्रं मुलीच्या हातून कंपनीकडे जातात. याबद्दल घरात जरूर बोलावं. पण जिथे पोस्टरवरूनच खिल्ली उडते, तिथे कुठली मुलगी असे पैसे भरल्याचं आईला सांगायला येईल?