आधी चारित्र्य, मग कादंबरी

कादंबरी नीट वाचायची म्हटली तर आठवडा जातो. कादंबरीकाराचे चारित्र्य मात्र दहा मिनिटांत तपासून होते, आणि चारचौघांत बोलायला दोन्हींचा उपयोग सारखाच होतो. तेव्हा या कामात नव्याने पडणाऱ्या वाचकांना अनुभवाचे चार शब्द सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिले पथ्य असे, की ज्याचा निवाडा करायचा त्याचे पुस्तक शक्यतो वाचू नये. वाचले तर ते आवडण्याचा धोका असतो, आणि आरोपीच्या गोष्टीत गुंतलेला न्यायाधीश कोणत्याच कामाचा राहत नाही. लेखक मेलेला असेल तर फारच उत्तम, कारण मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही. पुरावा थोडा असला तरी हरकत नाही. किंबहुना तो जितका थोडा तितकी कल्पनाशक्तीला मोकळीक जास्त. शेक्सपिअरने 1616 च्या मृत्युपत्रात बायकोला ‘दुसऱ्या प्रतीचा उत्तम पलंग’ ठेवला, एवढ्या एका ओळीवर त्याच्या संसारातील बेबनावाची केवढी तरी इमारत उभी राहिली आहे. त्या काळी उत्तम पलंग पाहुण्यांसाठी राखून ठेवत आणि दुसऱ्या प्रतीचा म्हणजे बहुधा नवराबायकोचाच, असा खुलासा काही अभ्यासक करतात. तो कानाआड करावा, नाहीतर इमारतीचा पायाच निखळतो.

रूसोसारखी प्रकरणे सोपी दिसतात, पण त्यांत मजा नाही. मुलांना कसे वाढवावे हे त्याने 1762 साली जगाला शिकवले आणि स्वतःची पाचही मुले अनाथालयात पाठवून दिली, हे खरे; पण ते त्याने स्वतःच आत्मकथनात लिहून ठेवले आहे. आरोपी आपण होऊन कबुली देऊ लागला, तर शोधून काढल्याचे श्रेय आपल्याला कसे मिळावे? नॉर्वेचा कादंबरीकार हामसुन याच्याबाबतही तेच. 1920 साली मिळालेले नोबेल पदक त्याने 1943 मध्ये गोबेल्सला भेट दिले आणि हिटलर मेल्यावर त्याच्यावर गौरवपर मृत्युलेख छापून आणला. एवढे उघड काम केलेल्या माणसाला दोषी ठरवण्यात कौशल्य ते काय!

खरे कौशल्य तराजूचे आहे. आपल्याकडे दोन तराजू असावेत आणि दोन्ही एकाच वेळी कोणाला दाखवू नयेत. नावडत्या लेखकाने बायको टाकली, तर माणूस शेवटी आपल्या कृतींनीच ओळखला जातो, असे गंभीरपणे म्हणावे. डिकन्सने दहा मुलांच्या आईपासून 1858 मध्ये फारकत घेतली आणि वर स्वतःच्याच साप्ताहिकात निवेदन छापून घरातला कलह गावभर केला, हे कोणी काढले आणि डिकन्स आपला आवडता असला, तर ‘काळच तसा होता’ म्हणावे. हे वाक्य कोणत्याही शतकाला चालते. अगदीच अडचण आली तर ‘कलाकृती वेगळी, कलावंत वेगळा’ हे सूत्र खिशात असू द्यावे.

मात्र हे सूत्र फक्त पापांना लावायचे असते, हे विसरू नये. लेखकाच्या दुःखांना ते लावले तर आपलेच नुकसान होते. काफ्का क्षयाने वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेला, बापाच्या धाकात वाढला, हस्तलिखिते जाळून टाक असे मित्राला सांगून गेला. हे सगळे ‘वेगळे’ ठेवून त्याच्या कथा वाचायला कोणी तयार आहे काय? तिथे आयुष्य कथेच्या खात्यावर बिनदिक्कत जमा होते, आणि वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीला त्याने लिहिलेली पत्रेही आपण हक्काने वाचतो. लेखकाचा आजार, दारिद्र्य आणि अकाली मृत्यू हे वाङ्मयीन गुण होत. त्याचे वर्तन ही मात्र खासगी बाब आहे.

ताजे प्रकरण हाती आले तर घाई करावी लागते. कॅनडाच्या कथालेखिका अ‍ॅलिस मन्रो 2024 च्या मे महिन्यात वारल्या, आणि जुलैत त्यांच्या धाकट्या मुलीने जाहीरपणे सांगितले, की लहानपणी सावत्र वडिलांनी आपल्यावर अत्याचार केला होता आणि आईला हे कळल्यावरही ती त्यांच्याचपाशी राहिली. अशा वेळी ती मुलगी काय म्हणते आहे हे सावकाश ऐकत बसू नये. ‘मला त्यांच्या कथांत पहिल्यापासूनच काहीतरी खटकत होते,’ असे ताबडतोब जाहीर करावे. नोबेल मिळाले त्या वर्षी, म्हणजे 2013 साली, आपण काय म्हटले होते हे बहुधा कोणाच्या लक्षात नसते, आणि बोलण्याचा विषय मुलीवरून सुखरूप आपल्या रुचीवर येतो.

एका बाईपासून मात्र सावध राहावे. तॉलस्तॉयची बायको सोफिया. 1862 साली लग्न झाले तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तो चौतीसचा. लग्नाआधी त्याने आपल्या भानगडींची रोजनिशी तिच्या हाती दिली होती. पुढे तेरा बाळंतपणे काढून, त्याच्या गिचमिड हस्ताक्षरातल्या मजकुराच्या तिने पुन्हा पुन्हा सुवाच्य प्रती केल्या. इथवर आपले काम झकास चालते. पण त्याने लग्नसंस्थेवर आग ओकणारी ‘क्रॉयत्झर सोनाटा’ लिहिली आणि लोक ती याच घराची गोष्ट म्हणून वाचू लागले, तेव्हा बंदी आलेली ती कथा छापू द्यावी म्हणून 1891 मध्ये झारला जाऊन भेटली ती हीच बाई. त्याच सुमारास त्या कथेला उत्तर म्हणून तिने स्वतःचीही एक दीर्घकथा लिहिली. तिचे नाव ‘दोष कोणाचा?’ ती तिच्या हयातीत छापली गेली नाही. ती वाचायला घेऊ नये. वाचली तर तॉलस्तॉय राहील बाजूला, आणि सोफियाने लिहिले आहे कसे, यावर आपल्याला मत द्यावे लागेल.