शून्य प्रश्न, शून्य हजेरी? श्रीपादभाऊंवरचा तो मजकूर ओळीओळीने

गेल्या आठवड्यात डिचोलीच्या बाजारात चहाच्या टेबलावर भाच्याने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "मामा, हे वाच. पंचवीस वर्षं आपण कुणाला दिल्लीला पाठवतोय ते कळेल." पडद्यावर उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांचा फोटो, त्याखाली लाल अक्षरांत ओळी. संसदेत प्रश्न शून्य. हजेरी शून्य टक्के. विधेयके शून्य. खासदार निधीचे 125 कोटी गेले कुठे? गोव्यासाठी काम शून्य. आणि शेवटी, दोन खासदारांच्या राज्याला दिल्लीत विचारतो कोण! पातळभाजी निवत होती आणि तो एकेक ओळ मोठ्याने वाचत होता.

हा मजकूर आमच्या गावच्या सगळ्या गटांवर फिरला आहे. मी कुठल्याही पक्षाचा सदस्य नाही. तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं आणि माझ्याच वर्गात बसलेली मुलं आज हे पुढे पाठवताना दिसतात, तेव्हा जिवाला लागतं. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन ओळींपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. लोकसभेत प्रश्न विचारायचा असतो तो सरकारला. रोज 20 तारांकित प्रश्न तोंडी उत्तरांसाठी आणि 230 अतारांकित प्रश्न लेखी उत्तरांसाठी घेतले जातात, आणि त्या सगळ्यांना उत्तर द्यायचं ते मंत्र्यांनी. मंत्री स्वतः सरकारचा भाग असतो, म्हणून तो प्रश्न विचारत नाही. हजेरीचंही तसंच. खासदार हजेरी नोंदवतात, तिच्यावर त्यांचा दैनिक भत्ता ठरतो. मंत्री ती हजेरी लावत नाहीत. विरोधी पक्षनेताही लावत नाही. खासदारांच्या कामाची आकडेवारी मांडणारी पीआरएस ही दिल्लीतली संस्था म्हणूनच मंत्र्यांचे आकडे देत नाही. तो रकाना कोरा असतो. कुणीतरी त्या कोऱ्या जागेत शून्य भरलं आणि ते शून्य घराघरांत पोचलं.

भाच्याला मी एवढंच विचारलं, तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावर हेडमास्तरांचं नाव होतं का रे? नव्हतं. मग ते वर्षभर गैरहजर होते असं कुणी म्हटलं का?

श्रीपादभाऊ 1999 साली पहिल्यांदा लोकसभेत गेले. 2000 साली वाजपेयी सरकारात राज्यमंत्री झाले ते 2004 पर्यंत. पुढे मे 2014 पासून मोदी सरकारात सतत आहेत: संस्कृती व पर्यटन, मग आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचं खातं), मध्यंतरी जोडीला संरक्षण, नंतर बंदरे आणि पर्यटन, 2024 पासून ऊर्जा आणि नवीकरणीय ऊर्जा. या वर्षांना प्रश्नांची आणि हजेरीची मोजपट्टी लावताच येत नाही. मंत्री सभागृहात किती वेळ बसले याची नोंद या पद्धतीत कुठेच होत नाही, हे मात्र मलाही खटकतं. ती व्हायला हवी. पण नोंद नसणं वेगळं आणि माणूस नसणं वेगळं.

मंत्री होण्याआधीचे सुरुवातीचे काही महिने सोडले तर राहतात ती 2004 ते 2014 ही दहा वर्षं. तेव्हा भाऊ विरोधी बाकांवरचे साधे खासदार होते, आणि ही दहा वर्षं खुशाल मोजावीत, किंबहुना मोजायलाच हवीत. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने प्रश्न सापडतात. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या डिचोली तालुक्यात अंगणाअंगणात ट्रक उभे राहिले. टायरांखाली गवत वाढलं आणि हप्ते थकले. त्या काळात आपल्या खासदाराने खाणींवर काय विचारलं, किती वेळा विचारलं, हे बघणं म्हणजे खरी तपासणी. लाल अक्षरांच्या मजकुरात त्या दहा वर्षांचा वेगळा उल्लेखसुद्धा नाही.

विधेयकांची ओळ तर उघड खोटी आहे. खासगी विधेयक मांडतो तो मंत्री नसलेला सदस्य. मंत्री सरकारी विधेयक मांडतो. भारतीय वैद्यकपद्धतींसाठी आणि होमिओपॅथीसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारी दोन विधेयके जानेवारी 2019 मध्ये राज्यसभेत मांडली ती आयुषमंत्री म्हणून श्रीपाद नाईक यांनीच. 2020 मध्ये दोन्हींचे कायदे झाले आणि 1970 आणि 1973 चे जुने कायदे गेले. ते कायदे चांगले की वाईट यावर वैद्यांनी भांडावं. पण शून्य नाही.

आता निधी. 125 कोटी हा आकडा पंचवीस वर्षं गुणिले पाच कोटी असा काढलेला दिसतो. खासदार निधी 1993 साली सुरू झाला. 1999 मध्ये भाऊ निवडून गेले तेव्हा तो वर्षाला दोन कोटी होता. पाच कोटी झाला 2011-12 पासून. कोविडमध्ये 2020-21 ला पूर्ण बंद, 2021-22 च्या उरलेल्या महिन्यांसाठी फक्त दोन कोटी. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 12 वर्षांचे 24 कोटी, पुढच्या 9 वर्षांचे 45, मग शून्य, मग दोन, आणि 2024 च्या मार्चपर्यंतच्या दोन वर्षांचे दहा. बेरीज 81 होते. 44 कोटी हवेतून आले.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा पैसा खासदाराच्या हातात येतच नाही. खासदार काम सुचवतो. मंजुरी, निविदा, देयकं हे सगळं जिल्हा प्रशासनाकडे. वर्षअखेरीस न वापरलेली रक्कम बुडतही नाही, पुढे चालू राहते. म्हणून "खाल्ले" हा शब्द वापरण्याआधी कामांची यादी मागवावी. माहितीच्या अधिकारात ती मिळते. आमच्या शेजारच्या वाड्यावर या निधीतून बांधलेलं एक सभागृह आहे. पाटीवरचा रंग उडालाय, पहिल्या मोठ्या पावसात मंचावर बादली ठेवावी लागते. तिथे दोष ज्याने काम घेतलं आणि ज्याने ते तपासून पास केलं त्यांचा. खासदाराला विचारायचं ते हे, की सुचवलेलं काम धड झालं की नाही ते बघायला कुणी आलं होतं का?

"गोव्यासाठी काम शून्य" ही ओळ वाचल्यावर मी भाच्याला म्हटलं, तुझी आई दर पंधरवड्याला कुठे जाते? तो गप्प झाला. माझ्या बहिणीचे गुडघे गेली चार वर्षं धरलेत. ती सकाळच्या बसने पेडण्याकडे, धारगळच्या आयुर्वेद संस्थेत जाते, केसपेपरची घडी पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवते. रात्री पायांना तेल चोळून बसली की त्याचा वास घरभर असतो. अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं हे गोव्यातलं केंद्र 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झालं, मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. नोव्हेंबर 2014 ते जुलै 2021 आयुष खातं भाऊंकडे होतं, आणि एवढी संस्था दीड वर्षात उभी राहत नाही. सगळं श्रेय एका माणसाचं असं मी म्हणत नाही. पण बहिणीसारख्या बायकांना दिल्लीच्या नावाची संस्था तासाभराच्या बसवर मिळाली, हे शून्यात कसं बसवायचं?

शेवटची ओळ मला सगळ्यांत जास्त बोचली, कारण ती एका खासदाराबद्दल नाही, आपल्या सगळ्यांच्या मनाबद्दल आहे. 543 मध्ये दोन, म्हणजे आपण नगण्य. मग 1996 आठवावं. पणजी मतदारसंघातून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो) रमाकांत खलप निवडून आले, दिल्लीत कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले, आणि 12 सप्टेंबर 1996 रोजी महिला आरक्षणाचं पहिलं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं ते त्यांनी. सिंहाची खूण घेऊन गेलेला गोव्याचा माणूस. ते विधेयक तेव्हा अडकलं, पण तीच मागणी 2023 मध्ये घटनेत आली. हेच खलप 2024 मध्ये काँग्रेसकडून भाऊंविरुद्ध लढले आणि हरले. दोघांत मत कुणाला द्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न होता, पण दोघांपैकी एकालाही दिल्लीने नगण्य मानलं नव्हतं.

या मजकुराने सगळ्यांत मोठं नुकसान केलंय ते म्हादईचं, कारण या नदीचं नावच त्यात नाही. तिच्या पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा ऑगस्ट 2018 चा. त्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केल्यावर केंद्राने 27 फेब्रुवारी 2020 रोजी तो अधिसूचित केला, तेव्हा भाऊ केंद्रात आयुष आणि संरक्षण खात्यांत होते. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचा सुधारित अहवाल मान्य केला, तेव्हा ते बंदरे आणि पर्यटन खात्यात होते. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हाही ते मंत्रीच होते. खासदार म्हणून किती प्रश्न विचारले हे इथे लागू नाही. मंत्री म्हणून सरकारच्या आत गोव्याची बाजू कुठे मांडली, कुणाला लेखी कळवलं, हे लागू आहे. आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडून यायला हवं. खोट्या शून्यांना उत्तर देणं त्यांना फार सोपं आहे, ते शून्य दाखवून त्यांचे कार्यकर्ते या खऱ्या प्रश्नालाही खोट्यात काढतात.

भाच्याने तो फोटो गटावरून काढला नाही. पण त्याच रात्री त्याखाली त्याने लिहिलं: "वरचे आकडे चुकीचे आहेत. माझा प्रश्न एवढाच, डिसेंबर 2022 मध्ये म्हादईसाठी भाऊंनी कुणाला पत्र पाठवलं, तारखेसह सांगावं." गटात दोनशेवर माणसं आहेत, त्यांत भाऊंचे जवळचे कार्यकर्तेही. आज सहावा दिवस. अजून उत्तर आलेलं नाही.